निळ्या रेघेतलं वारूळ

“पोहण्यास सक्त मनाई आहे!”

भोंग्याने पाटी इतक्या मोठ्याने वाचली की शेजारच्या झुडपातून दोन पक्षी भुर्रकन उडाले.

तसं तिथे कोणी पोहत नव्हतं. पोहायला पाणीच नव्हतं! उन्हाळ्याची सुट्टी, सकाळचे साडेनऊ, पायाखाली खडबडीत कच्चा रस्ता, दोन्हीकडे काटेरी झुडपं आणि त्यातल्या एका झुडपात उलटी अडकलेली ही लाकडी पाटी.

“इथे कोण पोहणार? शेळ्या?” भोंगा म्हणाला.

“शेळ्यांना वाचता येत नाही,” चष्मा म्हणाला.

“तुला तरी कुठे येतं? उलटी पाटी बघून तू ‘कुठली तरी परकी भाषा दिसते’ म्हणालास!”

खार हसून खाली बसली. ती हसली की तिचे पुढचे दोन दात दिसायचे. त्या दातांवरून आणि झाडावर चढण्यावरून तिचं नाव खार पडलं होतं. भोंग्याचं नाव का पडलं ते तुम्ही ऐकलंच आहे. चष्मा चष्मा लावायचा, शिवाय वही आणि नियम या दोन गोष्टींवर त्याचं मनापासून प्रेम होतं. चौथी होती पावली. ती पावलं मोजायची. एकसारखी, एका मापाची पावलं टाकून अंतर काढायचं हे तिला बाबांनी शिकवलं होतं, आणि ती बोलता बोलतासुद्धा मोजणी चुकत नसे.

ही चौकडी ओढ्याची पाहणी करायला निघाली होती. वाचनालयाच्या बाईंनी सुट्टीत काम काढलं होतं. सरकारी नकाशाची प्रत घ्यायची, आपापल्या वाट्याचा ओढा चालायचा आणि जे दिसेल ते लिहायचं. नियम एकच होता, ‘पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही.’ नकाशावर ओढा निळ्या रेघेने दाखवला होता. या कच्च्या रस्त्याने ते फक्त त्या निळ्या रेघेकडे चालले होते.

पावलीने वाकून पाटी ओढली. काटे हात ओरबाडून गेले. तिने पाटी सरळ धरली आणि शांतपणे म्हणाली, “ही बाबांनी रंगवलीय.”

“कशावरून?”

“शेवटचा ‘आहे’ बघ. जागा पुरली नाही म्हणून बारीक काढलाय. रंगाचा डबा मी धरला होता. बंधाऱ्यावर होती ही पाटी. पुरात गेली.”

खार गवताची काडी तोडायला लागली, चष्म्याने उगाच वही चाळली. पुराचं नाव निघालं की या चौघांत असंच व्हायचं.

“पावली, तुझ्या टाचेतून रक्त येतंय!” चष्मा ओरडला.

पावलीने खाली पाहिलं. एक काटा चपलेतून आरपार गेला होता. ती “हं” म्हणाली, तिने काटा उपटला आणि चालू लागली. चष्म्याने बळजबरीने तिला बसवून रुमाल बांधला.

“दुखत नाही?”

“नाही.”

ती खोटं बोलत नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून तिला फारसं काही दुखत नव्हतं. आनंदही होत नव्हता. परीक्षेत पहिली आली तेव्हा तिने गुणपत्रिका कपाटावर ठेवली आणि भांडी विसळायला गेली. आई म्हणायची, “अगं, रड तरी, नाहीतर भांड तरी!” पण पावलीला दोन्ही जमत नव्हतं.

झालं होतं ते असं. तिचे बाबा बंधाऱ्यावर पाणी सोडण्याचं काम करायचे. बदली होऊन त्यांना जेमतेम दीड महिना झाला होता. पुराच्या दिवशी त्यांनी चौकीच्या भिंतीवरच्या यादीप्रमाणे सगळीकडे फोन केले, वीटभट्टीला, पलीकडच्या मळ्यांना. मग एकेक करून बंधाऱ्याची दारं उघडली. पाणी मात्र शिरलं खालच्या वस्तीत, जी यादीत नव्हतीच! माणसं वाचली, पण बावीस घरं पडली. त्यातलं एक खारच्या आजीचं. साहेब लोक म्हणाले, या माणसाने चारही दारं एकदम उघडली म्हणून पाणी ओढा सोडून रस्त्यावर उलटलं. बाबा म्हणाले, “मी एकेक उघडलं.” हे त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलंच नाही. तेव्हापासून ते घरी खिडकीशी बसून असायचे. चौकशीचा निकाल येत्या शुक्रवारी लागणार होता, आणि नोकरी राहते की जाते ते त्यावर होतं.

“एक प्रश्न आहे,” चष्मा वहीत लिहिता लिहिता थांबला. “बंधाऱ्यावरची पाटी ओढ्याने जायला हवी. ओढा तर डावीकडे आहे, अर्ध्या तासावर. मग पाटी इथे कशी?”

“चालत आली!” भोंगा म्हणाला. पण कोणी हसलं नाही.

निळी रेघ सापडायला वेळ लागला नाही, कारण चष्मा नकाशा नाकाला लावूनच चालत होता. त्याच नादात तो धाडकन कशावर तरी आपटला.

“आई गं! ओढ्यात भिंत कोणी बांधली?”

ती भिंत नव्हती, वारूळ होतं! चष्म्याच्या खांद्याएवढं उंच, टणक, अगदी निळ्या रेघेच्या मधोमध.

“हे एका वर्षात होत नाही,” खार म्हणाली. “आमच्या वस्तीमागे एक आहे, ते माझ्या आईच्या लहानपणापासून आहे.”

“म्हणजे गेल्या पावसाळ्यात इथून पूर गेला आणि मुंग्या छत्री घेऊन बसल्या होत्या?” भोंग्याने विचारलं.

चष्म्याने भराभर लिहिलं. वारूळ एक. विटांचे तुकडे पुष्कळ. गोल गोटे एकही नाही. काठावर अडकलेला काडीकचरा नाही. हा तर वीटभट्टीवाल्यांनी माती काढून काढून केलेला जुना चर होता. लांबून ओढ्यासारखा दिसायचा, एवढंच!

“आता परत रस्त्यावर,” पावली म्हणाली.

ते फाट्यापाशी आले. बंधाऱ्याकडून येणारा ओढा इथपर्यंत एकच होता, मग डावीकडे तो चर आणि उजवीकडे कच्चा रस्ता. पावलीने हातातला दगड आधी डावीकडे घरंगळत सोडला. तो दोन हातांवर थांबला. उजवीकडे सोडला तर तो टणाटण उड्या मारत खाली गेला.

“रस्त्यात बघा,” ती म्हणाली. “गोटे. सगळे गोल. आणि झुडपांत वर बघा.”

झुडपांत माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर वाळकं गवत, चिंध्या आणि एक फुटकी बादली अडकली होती. सगळं एकाच दिशेला झुकलेलं, वस्तीच्या दिशेला.

“खार, तुम्ही लोक याला काय म्हणता?”

“रस्ता,” खार म्हणाली. “पाऊस नसला की गाड्या इथूनच जातात, सपाट पडतो ना! आणि पावसात...” ती थांबली. “पावसात इथून कोणी जात नाही. पाणी असतं. आधीचे बंधारेवाले काका दारं उघडायच्या आधी सायकलवरून सांगायला यायचे. स्वतःहून. आजीकडे चहा घ्यायचे.”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?” चष्मा किंचाळला.

“मला कोणी विचारलंच नाही! मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे.”

आता पावलीच्या लक्षात आलं. आधीच्या काकांनी ते कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर माहितीही गेली.

“मी तुझ्या बाबांवर चिडले होते,” खार खाली बघत म्हणाली. “आजीच्या तीन शेळ्या गेल्या. अजूनही थोडी चिडलेली आहे.”

“चालेल,” पावली म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौघं नकाशा कचेरीत धडकले. पाटी भोंग्याच्या डोक्यावर होती. जिन्यावर ती तीनदा आपटली आणि तिन्ही वेळा भोंगा पाटीलाच ओरडला.

नकाशेवाल्या साहेबांच्या खोलीत पंखा, चहाचे डाग पडलेलं मोठं टेबल आणि कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्यांचा ढीग होता. साहेबांनी वही दोन मिनिटं चाळली.

“वारूळ! गोटे! चिंध्या!” ते हसले. “पोरांनो, नकाशा म्हणजे काय सुट्टीतला खेळ आहे? हा भाग मी स्वतः मोजलाय. स्वतः! चार वर्षांपूर्वी, भर उन्हात, जीपमधून.”

“जीप कुठून नेली होती साहेब?” चष्म्याने विचारलं.

“कुठून म्हणजे? रस्त्याने!” साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. नेमकं त्याच कच्च्या रस्त्यावर.

दारात उभे असलेले ड्रायव्हरकाका पुटपुटले, “कसला रस्ता! नुसते गोटे. दोन टायर गेले माझे.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे तेव्हा जीपमधले साहेब ओढ्यातच बसले होते! ओढ्यात बसून ओढा शोधत होते, आणि शेजारचा चर दिसला तेव्हा त्यालाच निळा रंग देऊन मोकळे झाले होते. भोंग्याने तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर तिथेच हसत सुटला असता.

“आणि ही पाटी?” पावलीने विचारलं.

“नेली असेल कोणीतरी उचलून. हे बघ बाळ, तुझे वडील कोण ते मला माहीत आहे. तुला वाईट वाटणं साहजिक आहे.”

“मला वाईट वाटत नाहीये,” पावली म्हणाली. “मी रस्त्याबद्दल विचारतेय.”

साहेबांनी वही मिटून परत सरकवली. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, “गुरुवारी दहा वाजता पावसाळ्याआधीची दारांची तपासणी आहे. एक दार उघडणार, वीतभर. चौकशीच्या बाई वीटभट्टीच्या पुलावर येणार आहेत. त्यांना मी दाखवणारच आहे, नियमाप्रमाणे पाणी सोडलं की ते ओढ्यातूनच जातं. शुक्रवारी निकाल. झालं समाधान?”

“तुम्ही पुलावर कुठल्या रस्त्याने येणार?”

“याच की! जवळ पडतो.”

“नका येऊ,” पावली म्हणाली. “पाणी येईल.”

साहेब खो खो हसले. चष्मा मात्र गंभीर चेहऱ्याने टेबलाशी गेला आणि त्याने वहीचं एक पान फाडून पुढे केलं. “मग एवढ्यावर सही द्या साहेब. आमच्या वाचनालयाचा नियम आहे. सूचना दिली की पोच घ्यायची.”

कागदावर लिहिलं होतं, ‘गुरुवारी दहानंतर या रस्त्यावर गाडी आणू नये आणि खालच्या वस्तीला आधी कळवावे. पाणी इकडून येईल.’

“घ्या, सही घ्या!” साहेबांनी गंमत म्हणून झोकात सही ठोकली, तारीख घातली, वर ‘वाचले’ असंही लिहिलं. आपण कशावर सही करतोय याचा विचार करायची त्यांना सवय नव्हती.

बाहेर आल्यावर भोंगा म्हणाला, “पण वस्तीला कोण कळवणार? यादीत तर ती नाहीच!”

“आपण,” खार म्हणाली. “आणि तू. तुझं नाव उगाच भोंगा ठेवलंय का?”

गुरुवारी सकाळी आठपासून भोंगा वस्तीतून ओरडत फिरत होता. “पाणी येणार होऽऽ! शेळ्या वर घ्या! पोरं वर घ्या! आज्यांनो, तुम्हीसुद्धा वर या!” लोक आधी वैतागले, पण खारच्या आजीने काठी उचलली आणि स्वतःच घरोघर फिरली. साडेनऊला रस्त्यावर एकही शेळी उरली नाही.

वाचनालयाच्या बाई पुलावर चौकशीच्या बाईंजवळ थांबल्या. खार फाट्याजवळच्या झाडावर चढली. पावली आणि चष्मा फाट्याच्या उंच काठावर उभे राहिले. चष्म्याच्या हातात घड्याळ होतं. ती पाटी त्यांनी रस्त्याच्या कडेला पुन्हा रोवली होती, ही कल्पना अर्थातच भोंग्याची.

पावली बघत होती. आता पाणी डावीकडे वळलं तर बाबा खोटे ठरणार होते. तिच्या छातीत धडधडायला हवं होतं. तिने हात ठेवून पाहिलं. रोजच्याइतकंच चाललं होतं.

“दहा वाजून सव्वीस,” चष्मा म्हणाला. “आलं!”

आधी आवाज आला, कोणी वाळका पाला ओढत नेतंय असा. मग ओढ्याच्या वळणावर मळकट फेसाची जीभ दिसली. ती फाट्यापाशी आली, जराशी थबकली आणि डावीकडे ढुंकूनही न बघता उजवीकडे वळली.

“रस्त्याने चाललं! रस्त्याने चाललं!” खार झाडावरून ओरडली. “आणि जीप येतेय!”

खरंच येत होती! समोरून, मधोमध, धूळ उडवत. ड्रायव्हरकाकांनी पाणी पाहिलं आणि ब्रेक दाबला. जीप बंद पडली. पाणी आधी चाकांना लागलं, मग पायरीला, मग आत शिरलं. साहेब सीटवर उभे राहिले. नकाशाची गुंडाळी त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. पाणी गुडघाभरच होतं, पण साहेबांचा अवतार असा की जणू समुद्रात बुडतायत!

“उडी मारू का?” साहेब ओरडले.

काठावरून भोंग्याचा आवाज घुमला, “साहेऽऽब! पोहण्यास सक्त मनाई आहे!”

चष्म्याच्या हातातली वही पडता पडता वाचली, इतका तो हसला. ड्रायव्हरकाका तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते. मग त्यांनीच साहेबांना पाठीवर घेऊन काठावर आणलं.

तिकडे पुलावर चौकशीच्या बाई केव्हाच्या कोरड्या चराकडे बघत उभ्या होत्या. “पाणी कुठे आहे?” असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा वाचनालयाच्या बाईंनी त्यांना सरळ फाट्यावर आणलं. चौकशीच्या बाई ठेंगण्या, करड्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पाणी पाहिलं. जीप पाहिली. साहेबांचे बूट पाहिले.

“किती दारं उघडली आहेत?” त्यांनी विचारलं.

“एक,” पावली म्हणाली. “वीतभर. चार नाहीत.”

“म्हणजे एकेक उघडलं काय आणि कसंही उघडलं काय, पाणी इकडेच येणार.”

“हो.”

“हे कोणी आधी सांगितलं नव्हतं का?”

चष्म्याने चष्मा सारखा केला आणि सहीचा कागद पुढे केला. बाईंनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि आपल्या फाइलमध्ये ठेवला. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

शुक्रवारी वाचनालयाच्या दालनात निकाल वाचला गेला. बाबांची काहीही चूक नव्हती. सोमवारपासून त्यांनी कामावर यायचं. नकाशा पुन्हा करायचा, या वेळी पायी चालून, आणि साहेबांनी या मुलांची वही सोबत घेऊन. चौकशीच्या बाई म्हणाल्या, “या मुलांनी जे केलं ते आमच्यापैकी कोणालाही करता आलं असतं. फक्त चालायला हवं होतं.” वाचनालयाच्या बाईंनी डोळे पुसले. साहेबसुद्धा पुढे आले, घसा खाकरत म्हणाले, “वही... चांगली ठेवलीय हं,” आणि पटकन मागे गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंग्याने तर वाकून तीनदा नमस्कार केला, त्यातला एक चुकून खिडकीला.

आईने पावलीला घट्ट मिठी मारली. पावली टाळ्या ऐकत होती. छान झालं, हे तिला कळत होतं. पण बंद खिडकीतून रस्त्यावरची मिरवणूक बघावी तसं ते सगळं तिकडे, लांब चाललं होतं. बाबा शेवटच्या खुर्चीवर बसले होते. खारची आजी काठी टेकत त्यांच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, “आता चहाला येत जा, आधीचे यायचे तसे.” बाबांनी मान डोलावली.

सोमवारी सकाळी बाबांनी पावलीला हाक मारली. “रंगाचा डबा धरायला येतेस?”

चौकीत त्यांनी भिंतीवरची जुनी यादी काढली आणि त्या जागी एक लांब फळी ठोकली. ‘पाणी सोडण्याआधी कळवणे’ असं वर लिहिलं. मग तिच्याकडे वळले.

“फाट्यापर्यंत किती?”

“दोन हजार एकशे बारा पावलं.”

“आणि फाट्यापासून वस्ती?”

“एक हजार तीनशे चाळीस.”

“परवा मी चाललो,” बाबा म्हणाले. “मला तेराशे अडतीस आली.”

“शक्यच नाही. तुम्ही मध्ये कुठेतरी चुकलात.”

“मी? तुला मोजायला कोणी शिकवलं?”

“तुम्हीच. पण तुम्ही गोट्यावरून उडी मारली असेल. उडी धरायची नसते!”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. दहा महिन्यांनी हसत होते, त्यामुळे त्यांना ते नीट जमेना. ते पुन्हा फळीकडे वळले आणि मोठ्या, ठसठशीत अक्षरात पहिलं नाव लिहायला लागले. ‘खालची’ शब्दानेच अर्धी फळी खाल्ली. ‘वस्ती’ला जागा पुरेना. ते मान तिरकी करून, जीभ दातांत धरून तो शब्द कोपऱ्यात कोंबायला लागले.

पावलीच्या हातातला डबा हलला. दोन थेंब जमिनीवर पडले. तिने डबा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून हळूच बसली.

“बाबा, पाय दुखतोय.”

बाबांनी कुंचला ठेवला, तिची टाच मांडीवर घेतली आणि तोच मळका रुमाल सोडला. काट्याचं टोक अजून आतच होतं, भोवती लालभडक झालं होतं.

“अगं, केवढं सुजलंय! कधीपासून दुखतंय हे?”

पावलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने बाबांची बाही घट्ट धरली.

“आत्तापासून,” ती म्हणाली.

बाबांनी खिशातली टाचणी काढली आणि तिचा पाय उजेडाकडे वळवला.